तांबेरा की पोपट? सूर्यफुलाचं नुकसान ओळखायचं, मोजायचं आणि आवरायचं कसं

सूर्यफुलाचा उतारा कमी आला की काटा फक्त घट दाखवतो, घट कुणामुळे आली ते सांगत नाही. एकरी सहा क्विंटलची अपेक्षा असलेल्या शेतातून पावणेपाच क्विंटल निघाले, तर त्यातलं किती तांबेऱ्यानं (पानांवर तांबूस पुळ्या आणणाऱ्या बुरशीच्या रोगानं) नेलं आणि किती पोपटानं, हे मळणीनंतर कळायला मार्ग नाही. पोपट डोळ्यांना दिसतो आणि कानांना ऐकू येतो, म्हणून बहुतेक वेळा सगळा दोष त्याच्यावर जातो. तांबेरा पानाच्या खालच्या बाजूला महिनाभर गुपचूप काम करत असतो. चुकीच्या ठिकाणी खर्च होतो तो यामुळेच: फवारणी राहून जाते आणि राखणीला माणूस दिवसभर बसतो.

एक बुरशी आणि एक पक्षी यांची तुलना वरवर विचित्र वाटेल. पण दोघांचं ताट एकच आहे, त्यामुळे शेतकऱ्याला ती करावीच लागते. पुढे जे सांगितलं आहे ते सूर्यफुलावरच्या तांबेऱ्याबद्दल (शास्त्रीय नाव पक्सिनिया हेलिअँथी) आणि आपल्याकडे सर्वत्र आढळणाऱ्या, नराच्या गळ्याला काळी-गुलाबी कंठी असलेल्या पोपटाबद्दल (सिटाकुला क्रॅमेरी) आहे.

दोघं खातात काय

तांबेरा दाणा खात नाही. त्याला फक्त जिवंत पान चालतं. बीजाणू, म्हणजे बुरशीचं सूक्ष्म बी, पानावर पडतो, दव किंवा पावसाचा ओलावा मिळाला की रुजतो, त्याचा धागा पर्णरंध्रातून आत शिरतो आणि पेशींमध्ये बारीक शोषक घालून अन्न ओढतो. पान मेलं की त्याचाही आधार संपतो, म्हणून तो झाडाला मारण्याची घाई करत नाही. हवामान जमलं तर साधारण आठ-दहा दिवसांत पानाची साल फाटून तांबूस भुकटीची पुळी बाहेर येते आणि त्या भुकटीतला प्रत्येक बीजाणू नवी पुळी करू शकतो. पान दाण्यासाठी अन्न कमी बनवतं. शिवाय फाटलेल्या सालीतून पाणी उडतं, आणि कोरडवाहू सूर्यफुलाला हे दुसरं नुकसान जास्त जाचतं. याचा परिणाम म्हणजे दाणे जागेवर असतात, पण हलके आणि पोचट. तेलाचं प्रमाणही घटतं.

पोपटाला पानाशी देणंघेणं नाही. त्याला भरलेला दाणा हवा. तो कणसाच्या काठावर किंवा पाठीवर बसतो, खाली वाकून दाणा उपसतो, पायात धरून किंवा चोचीतच फिरवून सोलतो आणि टरफल खाली टाकतो. त्याच्या पायाची दोन बोटं पुढं आणि दोन मागं असतात. म्हणून देठावर, कणसावर, तारेवर कुठंही उलटंसुलटं लटकणं त्याला जमतं आणि चिमणीला जे कणीस अवघड जातं ते त्याला सोपं असतं. खाण्याइतकीच सांडलवंडही तो करतो.

थोडक्यात, तांबेऱ्यानं जागा भरलेली राहते आणि वजन जातं. पोपटानं जागाच रिकामी होते. ओळखण्याच्या आणि मोजण्याच्या पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका फरकावर उभ्या आहेत.

शेतात ओळख

बरोबर एवढं न्या: पांढरा रुमाल किंवा कागद, एक भिंग (दहा पटीचं असल्यास उत्तम), मोजपट्टी, एक सेंटिमीटरच्या चौकोनांची रेघोटी मारलेला पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा आणि वही-पेन्सिल. वजनासाठी सोनाराच्या धाटणीचा छोटा डिजिटल काटा घरी लागेल. अर्धा ग्रॅमचा फरक दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा इथे कामाचा नाही.

पानापासून सुरुवात करा. सर्वांत खालची पानं उलटी करून पाहा, कारण तांबेरा बहुधा तिथूनच वर चढतो. दालचिनीच्या रंगाच्या, सुमारे एक मिलिमीटरच्या, किंचित उठलेल्या पुळ्या दिसल्या की पांढरा रुमाल त्यावरून हलका फिरवा. रुमालावर तांबूस डाग उमटला तर तो तांबेरा. डाग उमटला नाही तर बहुतेक वेळा करपा असतो: गडद तपकिरी ठिपके, त्यात एकात एक वर्तुळं, कडेला पिवळी वलयं. पानावर पिठासारखी पांढरी बुकटी असेल आणि ती पुसून हिरवं पान दिसत असेल तर ती भुरी. पिकाच्या शेवटी तांबेऱ्याच्या पुळ्या काळ्या पडतात. तो दुसरा रोग नाही. त्याच बुरशीची ती विश्रांतीची अवस्था आहे.

इथे एक गल्लत फार होते. सकाळी दव असताना रुमाल फिरवला तर भुकटी ओली होऊन डाग नीट उमटत नाही आणि "तांबेरा नाही" असा निष्कर्ष निघतो. दव सुकल्यावर, नऊच्या पुढं ही चाचणी करा.

आता कणीस. पोपटानं खाल्लेली जागा पाहिली की दाण्यांची रिकामी घरं स्वच्छ दिसतात आणि त्यांना ठरावीक कड असते. जमिनीवर उभी चिरलेली, आतून रिकामी टरफलं पडलेली असतात. काठच्या दाण्यांपासून खाणं सुरू होतं, कारण कणसात दाणे बाहेरून आत भरत जातात. मधोमध रिकामं असेल आणि काठ भरलेला असेल, तर पोपटाला दोष देऊ नका. ते बहुतेकदा परागीभवन अपुरं झाल्याचं, दाणे भरताना पाण्याचा ताण पडल्याचं किंवा बोरॉन कमी पडल्याचं लक्षण असतं. तिथं टरफलाची घरं असतात, आत गर नसतो.

दाण्यांमध्ये भोक, त्याभोवती ओलसर विष्ठा आणि कधी कधी अळीच सापडली तर ती घाटेअळी. रात्रीत धाट कुरतडून आडवं पडलं असेल आणि टरफलाचे बारीक कुरतडलेले तुकडे दिसत असतील तर उंदीर. होले आणि पारवे बहुधा खाली सांडलेलं टिपतात. शेतात ते जास्त दिसले म्हणून घाबरायचं कारण नाही. उलट खाली दाणा सांडतोय, म्हणजे वर दुसरं कुणीतरी आहे, एवढी ती खूण समजा.

पोपट मोजताना आवाजावर विसंबू नका. उडताना ते कर्कश ओरडतात, पण एकदा कणसावर बसले की गप्प होतात, आणि हिरव्या पानांत हिरवा पक्षी दिसत नाही. कोपऱ्यावर शांत उभं राहा, दहा मिनिटं थांबा, मग जोरात टाळी वाजवा आणि उठणारा थवा मोजा. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, सलग तीन दिवस. त्याच वेळी थवा कोणत्या बाजूनं येतो, कोणत्या झाडावर किंवा तारेवर आधी बसतो, हेही लिहून ठेवा. राखण कुठं लावायची ते यावरूनच ठरेल. खांद्यावर लाल पट्टा असलेला मोठा पोपट किंवा जांभळट डोक्याचा छोटा पोपट दिसला तर तीही नोंद करा, पण उपाय सगळ्यांसाठी सारखाच आहे.

दोघांचं वेळापत्रक

९० ते १०० दिवसांचं वाण धरू. ५५ ते ६५ दिवसांच्या दरम्यान पीक फुलोऱ्यात असतं, त्यानंतर सुमारे महिनाभर दाणे भरतात.

तांबेरा कधीही येऊ शकतो. पण फुलोऱ्याच्या आधी किंवा फुलोऱ्यात वरच्या पानांवर पोचला तरच तो उतारा मोठ्या प्रमाणात खातो. कणसाची पाठ पिवळी पडू लागल्यावर आलेला तांबेरा डोळ्यांना कितीही भयानक दिसला तरी त्याच्यावर पैसा घालवण्यात अर्थ नाही, कारण दाण्यात जायचं होतं ते अन्न तोवर गेलेलं असतं. मध्यम तापमान (साधारण १८ ते २५ अंश), रात्रभर दव आणि दिवसा ढगाळ हवा ही त्याची आवडती जुळणी. तीस अंशांच्या वर कोरडी हवा राहिली की त्याचा वेग मंदावतो.

पोपटाचा धोका दाणे दुधाळ झाल्यावर, म्हणजे ७०-७५ दिवसांच्या सुमारास सुरू होतो आणि काढणीपर्यंत राहतो. म्हणजे वीस-पंचवीस दिवस. त्याच्या आधी राखण लावणं म्हणजे मजुरी वाया घालवणं आहे. त्याहून वाईट म्हणजे पक्ष्यांना फितीची आणि आवाजाची सवय आधीच होऊन जाते आणि खऱ्या गरजेच्या दिवशी त्यांना भीती उरत नाही.

आणखी एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. सूर्यफूल मूळचं उत्तर अमेरिकेचं आणि हा तांबेराही मूळचा तिथलाच. तेलबियांचं पीक म्हणून सूर्यफूल भारतात १९६९ मध्ये रशियन वाणांच्या रूपात आलं. पोपट मात्र इथलाच. त्याला नवं पीक ओळखायला वेळ लागला नाही. इंग्लंड-नेदरलँड्समध्ये पिंजऱ्यातून सुटलेल्या याच पोपटांच्या वसाहती आता शहरांतल्या बागांत स्थिरावल्या आहेत, इतका तो जुळवून घेणारा पक्षी आहे. म्हणून एखादी युक्ती यंदा चालली म्हणजे पुढच्या वर्षीही चालेल असं धरू नये.

मोजणी: इथे घाई करू नका

तांबेरा वाऱ्यानं येतो, तेव्हा त्याचा नमुना संपूर्ण शेतातून घ्यायचा. शेतात तिरके दोन फेरे मारा, पाच जागी थांबा, प्रत्येक जागी सलग दहा झाडं पाहा. एकूण पन्नास झाडं. प्रत्येक झाडाची फक्त वरची चार मोठी पानं बघायची, कारण दाण्याला मुख्य पुरवठा तिथून होतो. खालची पानं ओळखण्यासाठी, वरची पानं निर्णयासाठी.

पानाचा किती टक्के भाग पुळ्यांनी व्यापला हे अंदाजानं लिहिताना जवळजवळ प्रत्येक जण जास्त लिहितो. पुळीभोवतीचा पिवळेपणा नजरेला फसवतो. त्यासाठी एक हिशोब हाताशी ठेवा. पुळी एक मिलिमीटर व्यासाची धरली तर तिचं क्षेत्रफळ ०.७८५ चौरस मिलिमीटर. पान २०० चौरस सेंटिमीटरचं असेल तर त्याचा एक टक्का म्हणजे २०० चौरस मिलिमीटर, म्हणजेच सुमारे २५५ पुळ्या. पारदर्शक तुकडा पानावर ठेवला तर एका चौकोनात सरासरी एक ते दीड पुळी दिसली की एक टक्का झाला. पान भरून गेल्यासारखं वाटतं तेव्हाही बऱ्याचदा प्रमाण चार-पाच टक्केच असतं. पन्नास झाडांची सरासरी काढा. फुलोरा संपण्याआधी वरच्या पानांवर सरासरी एक टक्का ओलांडला तर फवारणीचा निर्णय त्याच दिवशी घ्यायचा.

पोपटाची मोजणी वेगळी. तो बांधाकडून खात येतो, म्हणून शेताचे दोन भाग करा: कडेपासून सहा मीटर आतपर्यंतचा पट्टा आणि उरलेला मधला भाग. दोन्हींतून प्रत्येकी पंचवीस कणसं घ्या. कणसाच्या व्यासावरून एकूण क्षेत्रफळ काढा, मधला नैसर्गिक रिकामा भाग वजा करा, आणि खाल्लेली जागा पारदर्शक तुकड्यानं चौकोन मोजून घ्या. उदाहरणार्थ कणीस १६ सेंटिमीटर व्यासाचं असेल तर क्षेत्रफळ २०१ चौरस सेंटिमीटर. मधला ४ सेंटिमीटर व्यासाचा रिकामा भाग साडेबारा चौरस सेंटिमीटर. उरले १८८. खाल्लेले चौकोन १९ भरले तर नुकसान दहा टक्के.

समजा सरासरी बांधाच्या पट्ट्यात १८ टक्के आणि आत ३ टक्के निघाली. शेताचं नुकसान किती? दोन्हींचा मध्य साडेदहा, असं म्हणणं चूक. चौरस आकाराच्या एक एकराची बाजू ६३.६ मीटर. चारही बाजूंनी सहा मीटर सोडले तर आतला चौकोन ५१.६ मीटरचा उरतो, आणि बांधाचा पट्टा एकूण क्षेत्राच्या ३४ टक्के भरतो. १८ चे ३४ टक्के ६.१, ३ चे ६६ टक्के २. एकूण सुमारे ८ टक्के. फक्त बांधावरून चक्कर मारणारा माणूस हेच नुकसान १८ टक्के सांगेल, आणि बहुतेक ओरड अशाच चकरेवर आधारलेली असते.

हाच पट्टा दहा गुंठ्यांच्या चौरस तुकड्यात ६१ टक्के होतो आणि चार एकरांच्या चौरस शेतात १८ टक्के. लहान तुकड्यात पोपट जास्त खातो असं वाटतं ते यामुळे. त्याची भूक तेवढीच असते, पण लहान तुकडा जवळजवळ सगळा बांधच असतो. तांबेऱ्याला शेताच्या आकाराचं काही नसतं. तो दिवस मोजतो, पोपट बांध मोजतो.

तांबेऱ्यानं प्रत्यक्ष किती वजन नेलं हे कळण्यासाठी काढणीच्या वेळी दोन ढीग करा: वरची पानं शेवटपर्यंत बऱ्यापैकी स्वच्छ राहिलेल्या दहा झाडांची कणसं आणि पुळ्यांनी भरलेल्या दहा झाडांची कणसं. झाडं एकाच सरीतली किंवा शेजारच्या सरींतली असावीत, नाहीतर जमिनीतला फरक तांबेऱ्याच्या नावावर जमा होईल. दोन्ही ढीग एकाच उन्हात सारखे दिवस वाळवा. कणसाच्या काठच्या आणि आतल्या दोन्ही भागांतून दाणे घेऊन १०० दाण्यांचं वजन तीन-तीनदा करा. एका ढिगाचं ५ ग्रॅम आणि दुसऱ्याचं ४.३ ग्रॅम आलं तर दाण्यामागं १४ टक्के गेले. मात्र वाळवण्यातला फरक राहिला तर संपूर्ण हिशोब कोसळतो, ओला दाणा जडच भरणार.

दोन्ही नुकसानं एकत्र आली तर

१४ अधिक ८ म्हणजे २२, असं नाही. तांबेरा आधी येतो आणि पोपटाच्या वाट्याला त्यातून उरलेलं पीक येतं. अपेक्षा ६०० किलोची आणि रोग सगळ्या शेतभर सारखा असं धरू. तांबेऱ्यानं १४ टक्के नेले, उरले ५१६. त्याचे ८ टक्के पोपटानं नेले, उरले सुमारे ४७५. तांबेऱ्याचे ८४ किलो, पोपटाचे ४१. सन २०२५-२६ च्या ७,७२१ रुपये क्विंटल या हमीभावानं पहिलं नुकसान सुमारे साडेसहा हजारांचं, दुसरं सुमारे ३,२०० रुपयांचं.

आता हे दोन आकडे आपल्या गावातल्या मजुरीच्या आणि औषधाच्या दरासमोर ठेवा. वर्षातून एकदाच करायचा हा हिशोब आहे, पण वीस दिवस दिवसभर बसणाऱ्या राखणदाराची मजुरी ३,२०० रुपयांत बसत नाही, हे त्यातून लगेच दिसतं. तुमच्या शेताचे आकडे वेगळे निघतील. ते काढूनच ठरवा.

तांबेऱ्यावर

सूर्यफुलाच्या तांबेऱ्याची सगळी अवस्थांतरं सूर्यफुलावरच होतात, गव्हाच्या काळ्या तांबेऱ्यासारखं दुसरं झुडूप त्याला लागत नाही. म्हणून साखळी तोडायची तर सूर्यफुलाचीच तोडावी लागते. आपल्याकडे हे पीक खरीप, रब्बी आणि उन्हाळी अशा तिन्ही हंगामांत होतं, त्यामुळे एका शेतातून दुसऱ्या शेतात जायला त्याला हिरवा पूल तयारच मिळतो. मागच्या हंगामात सांडलेल्या दाण्यांतून आपोआप उगवलेली झाडं बांधावरून आणि उकिरड्याजवळून पेरणीच्या महिनाभर आधी उपटा. जुनी धाटं शेतात उभी ठेवू नका. एकाच जमिनीत सूर्यफुलावर सूर्यफूल घेऊ नका, आणि शेजाऱ्याचं रोगट पीक उभं असताना त्याला लागून नवी पेरणी टाळा.

बियाणं घेताना तांबेऱ्याला प्रतिकारक किंवा सहनशील संकर मागा आणि पिशवीवर तसं लिहिलंय का पाहा. नत्र माती परीक्षणापेक्षा जास्त टाकलं की पानं लुसलुशीत आणि दाट होतात, दव उशिरा सुकतं. ६० बाय ३० सेंटिमीटर अंतर ठेवलं तर एकरी सुमारे २२,००० झाडं बसतात. त्याहून गर्दी नको. तुषार सिंचन असेल तर संध्याकाळी चालवू नका. रात्रभर ओलं राहिलेलं पान तांबेऱ्यासाठी पेरणीची वाफसा आलेली जमीन असते.

फवारणीसाठी मॅन्कोझेब ७५ टक्के भुकटी, लिटरमागे २ ते २.५ ग्रॅम. १५ लिटरच्या पंपाला ३० ते ३७ ग्रॅम. एकराला साधारण २०० लिटर पाणी लागतं, म्हणजे ४०० ते ५०० ग्रॅम औषध. आधी थोड्या पाण्यात पातळ पेस्ट करा, मग पंपात ओता. कोरडी भुकटी थेट टाकली की गुठळ्या होऊन नोझल तुंबतं. चिकट द्रव्य मिसळा. गरज असेल तर दहा ते पंधरा दिवसांनी दुसरी फवारणी. कोणतंही औषध घेताना लेबलवर सूर्यफूल आणि काढणीपूर्वी थांबण्याचे दिवस तपासा. हातमोजे आणि तोंडाला फडकं हवंच.

फवारणी फसते ती मुख्यतः तीन कारणांनी. मॅन्कोझेब पानावर थर करून नवीन बीजाणूला रुजू देत नाही, पण आत शिरलेल्या बुरशीला बाहेर काढत नाही. म्हणून उशिरा मारलं की "औषधच खोटं" असं वाटतं. दुसरं, पुळ्या खालच्या बाजूला जास्त असतात आणि फवारा वरून मारला जातो. नोझल खाली धरून वर वळवा. तिसरं, पुळ्या जुन्या असल्या तर फवारणीनंतरही त्या दिसतच राहतात. परिणाम पाहायचा तर वरच्या नव्या पानांवर खुणेचा दोरा बांधा आणि आठ दिवसांनी त्याच पानांवरच्या पुळ्या मोजा.

फुलोऱ्यात सकाळी फवारू नका. सूर्यफुलाचा दाणा मधमाश्यांवर उभा आहे. त्या सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान सर्वांत जास्त येतात. फवारणी टाळता येत नसेल तर सूर्य कलल्यावर करा. फवारलेली पानं जनावरांना घालू नका.

पोपटावर

आधी कायदा. हा पोपट वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे. त्याला मारणं, पकडणं, विषारी दाणे टाकणं, डिंक लावणं किंवा ढोलीतली पिल्लं काढून पिंजऱ्यात पाळणं, विकणं, सगळं गुन्हा आहे. ढोलीची झाडं तोडूनही काही साधत नाही. रातथाऱ्यावरून चरायला पोपट काही किलोमीटर सहज जातो. झाड जातं, थवा तसाच येतो. हेतू एवढाच ठेवायचा की त्या वीस-पंचवीस दिवसांत थव्याला आपलं शेत सोयीचं वाटू नये.

सर्वांत मोठा उपाय पेरणीच्या दिवशीच होतो: शिवारातल्या सगळ्यांनी आठवडाभराच्या आत पेरणी करणं. एकटं शेत आधी किंवा उशिरा पिकलं की अख्ख्या परिसराचे पोपट तिथंच येतात. सगळी शेतं एकदम भरली की तीच भूक वाटली जाते. वाण निवडताना पिकल्यावर कणीस खाली वाकणारं निवडा. आकाशाकडं तोंड करून बसणारं सपाट कणीस म्हणजे पोपटाला मांडलेलं ताट. मोठ्या झाडांच्या ओळीला किंवा विजेच्या तारांना लागून सूर्यफूल लावणं टाळता आलं तर टाळा. तिथं दुसरं पीक घ्या आणि सूर्यफूल मोकळ्या बाजूला ठेवा.

दाणे दुधाळ झाले की त्याच दिवशी चमकती फीत ओढा. एका बाजूनं लाल आणि दुसऱ्या बाजूनं चंदेरी, एक ते दीड सेंटिमीटर रुंदीची फीत मिळते. अडीच मीटरचे बांबू अर्धा मीटर गाडून दर दहा मीटरवर रोवा, पिकाच्या वर साधारण ३० ते ५० सेंटिमीटरवर फीत बांधा आणि दोन बांबूंमध्ये तिला चार-पाच पिळे द्या. पिळा दिला नाही तर ती फक्त एकाच कोनातून चमकते. ताणून बसवली की वाऱ्यात गुणगुणते, ढिली सोडली की पिकात अडकून तुटते. एकरभर सगळीकडं दर पाच मीटरवर ओढायची तर साडेआठशे मीटरच्या आसपास लागते. पण नुकसान बांधावर आहे, तेव्हा कडेची एक रांग आणि पाच मीटर आत दुसरी, एवढं केलं तरी चारही बाजूंना मिळून पावणेपाचशे मीटरमध्ये भागतं. थवा एकाच बाजूनं येत असेल तर त्या बाजूपासून सुरुवात करा. दहा-पंधरा दिवसांत पक्ष्यांची भीड चेपते, म्हणून दुधाळ अवस्थेआधी ओढू नका आणि मध्ये एकदा जागा व उंची बदला.

बुजगावणं जागचं हललं नाही तर दोन-तीन दिवसांत पोपट त्याच्या खांद्यावर बसतो. ते रोज दुसऱ्या ठिकाणी न्या, अंगावर सैल कापड ठेवा, आणि मधूनमधून खरा माणूस तसेच कपडे घालून तिथं उभा राहिला तर त्याचा धाक टिकतो.

राखण दिवसभर लागत नाही. सूर्योदयापासून साडेनऊपर्यंत आणि दुपारी चारनंतर अंधार पडेपर्यंत, एवढ्याच वेळात पोपट बहुतेक खातो. लागून असलेल्या चार-पाच शेतकऱ्यांनी वेळा वाटून घेतल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्यातून एक-दोन पाळ्या येतात. माचाण बांधाच्या त्या बाजूला घाला जिथून थवा येतो, शेताच्या मध्यावर नको. गोफणीचा उपयोग आवाजासाठी आणि थव्याच्या पुढं खडा टाकून त्याला वळवण्यासाठी, पक्ष्यावर नेम धरण्यासाठी नाही. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पहिले चार-पाच पोपट. थवा मोठा होतो तो त्यांना पाहून. ते बसायच्या आत उठवले तर मागचे उतरत नाहीत. एकदा शंभर पक्षी बसले की ते फक्त या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जातात.

जाळी फक्त बीजोत्पादनाच्या छोट्या तुकड्यासाठी परवडते. ती ताणून, चौकटीवर बसवा. सैल बारीक नायलॉन जाळीत पोपटच काय, सापही अडकतात. सकाळ-संध्याकाळ फिरून पाहा, आणि पक्षी अडकलाच तर जाड कापडानं धरून धागे कात्रीनं तोडा. त्याची चोच बोट फोडते. परसातल्या पाच-पन्नास झाडांसाठी पाकळ्या गळल्यावर कणसाला सुती पिशवी बांधणं पुरतं. प्लॅस्टिकची नको, आत वाफ धरून दाणे बुरसतात.

काढणी

कणसाची पाठ लिंबासारखी पिवळी आणि कडेची पानं तपकिरी झाली की काढा. या टप्प्यानंतर झाडावर ठेवलेला प्रत्येक दिवस पोपटाच्या खात्यात जातो. दाणा कडक व्हावा म्हणून थांबू नका, वाळवणं खळ्यावर होतं. कणसं ढिगात टाकू नका, तोंड वर करून पसरा. ढिगात ऊब धरते, बुरशी येते आणि तेलाची प्रत जाते. खळ्यावरही होले, पारवे आणि पोपट येतातच, तिथं मात्र एक जाळी आणि एक माणूस पुरतो. दाणे साठवताना ओलावा नऊ-दहा टक्क्यांच्या आत आणा.

मळणीआधी स्वच्छ आणि रोगट झाडांची ती दहा-दहा कणसं वेगळी काढायला विसरू नका, आणि बांधाच्या व आतल्या कणसांची मोजणीही काढणीच्या सकाळीच उरका. वहीत पेरणीची तारीख, वाण, वरच्या पानांवर एक टक्का ओलांडल्याची तारीख, फवारणीची तारीख, पहिला थवा आल्याचा दिवस, टाळीनंतर मोजलेले पोपट, बांधाचे व आतले टक्के, आणि १०० दाण्यांची दोन्ही वजनं लिहा. दोन हंगामांची अशी पानं शेजारी शेजारी ठेवली की पुढच्या पेरणीला औषध आधी आणायचं की फीत, ते दुकानात जाण्याआधीच ठरवता येतं.